कुशीतल्या कळेचे इंग्रजी

सोनोग्राफीचा अहवाल हातात मिळाला तेव्हा मी दापोलीच्या बसस्थानकावर हर्णैच्या एस.टी.ची वाट पाहत बसले होते, आणि गाडी येईपर्यंत मी तो तीन वेळा वाचला. आदली रात्र वैशाखातली होती. डाव्या कुशीत उठलेल्या कळेने पहाटे तीनपासून मला ओटीवर येरझारा घालायला लावल्या होत्या. बसवत नव्हते, निजवत नव्हते, आणि कळ ओसरली तरी घामाने भिजलेले अंग तिच्या परत येण्याचीच वाट पाहत होते. सकाळी इंजेक्शनाने ती थांबली आणि त्यानंतर हा कागद आला. मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे. शेकडो मुलांकडून मी कर्मणी प्रयोग घटवून घेतला, पत्रलेखन करवून घेतले, पण माझ्याच शरीराविषयी लिहिलेल्या त्या पानावर मला खात्रीने समजले ते माझे नाव, वय आणि तारीख एवढेच. ‘लेफ्ट व्हीयूजे कॅल्क्युलस, ५.२ एमएम, विथ माइल्ड हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस’ ही ओळ मी अक्षर न् अक्षर वाचू शकत होते आणि तिच्यातले काहीही मला कळत नव्हते. त्या क्षणी जे वाटले ते भीतीपेक्षा लाजेच्या जवळचे होते. आमच्या वाडीतल्या ज्या माणसांना इंग्रजी अक्षरओळखही नाही, ती असे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षे ट्रंकेत जपून ठेवतात, हे मला ठाऊक होते. त्यांना काय वाटत असेल याचा विचार मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

घरी आल्यावर मी शब्दकोश काढला. ‘कॅल्क्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये लहान खडा. रोमन लोक हिशेब करताना खडे वापरत, म्हणून ‘कॅल्क्युलेट’ आणि म्हणून गणिताच्या एका शाखेलाही तेच नाव. आमच्या शाळेतली मुले बारावीत ज्या शब्दाला घाबरत, तो शब्द एवढ्याशा खड्याचा निघाला. आपला ‘मुतखडा’ आणि त्यांचा ‘कॅल्क्युलस’ दोन्ही खडेच. आपल्या शब्दात तो कुठला आहे हेही सांगून टाकले आहे, इतकाच फरक. संस्कृतात त्याला ‘अश्मरी’ म्हणतात, म्हणजे पुन्हा दगडच. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे निदान आणि चिकित्सा यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत आणि शस्त्राने ती काढण्याची कृतीही वर्णिलेली आहे. इतक्या जुन्या दुखण्याला आपल्याकडे शब्द नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. शब्द होते, ते कागदावर यायचे थांबले.

राहिलेला लांबलचक शब्द मी चिंचेचा आकडा सोलावा तसा सोलला. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी, ‘युरेटर’ म्हणजे मूत्रवाहिनी, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड. म्हणजे खड्यामागे लघवी तुंबून वाहिनी आणि मूत्रपिंड थोडेसे फुगले आहे. ‘व्हीयूजे’ ही ती जागा, जिथे मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते. ही वाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आत जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्या वाटेत तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते. तिसरी अरुंद जागा हीच. माझा खडा शेवटच्या वेशीपाशी येऊन अडला होता, आणि हे त्या तीन अक्षरांत स्पष्ट लिहिलेले होते. ते त्याच दिवशी समजले असते तर पुढचे नऊ दिवस मी अधिक धीराने काढले असते, कारण ५ मिलिमीटरच्या आसपासचे आणि इतके खाली आलेले बरेच खडे आपणहून बाहेर पडतात. माझाही पडला.

एक शब्द अजून सांगायला हवा. अहवालात ‘रीनल पेल्व्हिस’ असे होते आणि ‘पेल्व्हिस’ म्हणजे कमरेचे हाड एवढेच मला माहीत होते. शोधल्यावर कळले की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पसरट भांडे. मूत्रपिंडातून झिरपलेली लघवी आधी या भांड्यात जमते आणि तिथून वाहिनीला लागते. माझ्या डोळ्यांपुढे तत्काळ माहेरची विहीर उभी राहिली. रहाटाने वर आलेले पाणी आधी दोणीत पडते, दोणीतून पाटाला लागते आणि पाटाने पोफळींच्या बुंध्यांशी जाते. पाटाच्या तोंडाशी नारळाची एखादी सोडण येऊन अडकली की दोण काठोकाठ भरते. पुढे वाडीतल्या बायकांना मी ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असाच समजावून सांगितला, दोण आणि पाट म्हणून, आणि तो कोणालाही दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

या बायका माझ्याकडे कधी यायला लागल्या हे नेमके सांगता येणार नाही. बाईंना खडा झाला होता आणि त्यांनी आपला कागद स्वतः वाचला, एवढी गोष्ट पसरायला आमच्याकडे वेळ लागत नाही. पहिल्या आल्या त्या शेजारच्या काकी. ‘बाई, ह्यात काय लिवलंय ता जरा वाचून सांगा,’ म्हणत त्यांनी पिशवी पुढे केली. पोटात खडा आहे हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते, आणि खडा म्हटल्यावर त्या चार महिने रोज सकाळी कुळथाचे कढण पीत होत्या. कुळीथ आमच्याकडे पिठीच्या रूपाने आठवड्यातून दोनदा तरी ताटात असतो आणि मुतखड्यावर तो द्यायची रीत आयुर्वेदातही आहे, तेव्हा त्यांचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. परंतु कागदावर ‘कोलेलिथियासिस’ असा शब्द होता. ‘लिथ’ म्हणजे ग्रीकमध्ये दगड हे मला आता माहीत होते. त्याच्या आधी ‘नेफ्रो’ असायला हवे होते आणि होते ‘कोले’, म्हणजे पित्त. काकींचा खडा पित्ताशयात होता. तो कितीही पाणी प्यायले, कितीही कढण घेतले तरी लघवीवाटे पडणारा नव्हता, कारण त्याची वाटच वेगळी. एकाच मराठी ‘खडा’ या शब्दाखाली दोन वेगळे आजार झाकले गेले होते आणि ते वेगळे करायला दोन अक्षरे पुरेशी होती. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. औषधाविषयी मी कोणालाही काही सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. मी फक्त कागदावरचे मराठीत सांगते.

असाच अर्धवट ऐकलेला दुसरा शब्द म्हणजे ‘कॅल्शियम ऑक्झॅलेट’. मूत्रपिंडातले सर्वाधिक खडे याच क्षाराचे असतात, माझाही त्याचाच निघाला. या जोडनावातले लोकांना ऐकू येते ते पहिले नाव, कारण ते ओळखीचे आहे, आणि मग घरोघरी दूध बंद होते, ताक बंद होते, नाचणी बंद होते. खरे तर जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवते आणि ते लघवीत उतरू देत नाही. दूधदही तोडल्याने उलट ऑक्झॅलेट वाढते. हे ऐकून बायकांना पटेना, तेव्हा मी अळूचे उदाहरण घेतले. अळू घशाला खाजते ते त्यातल्या सुईसारख्या अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे, आणि ते स्फटिक कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. फदफदे करताना चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय कोणी राहत नाही, इतकी आमची त्या पदार्थाशी जुनी ओळख आहे. आणि ‘ऑक्झॅलेट’ हे नाव ज्या वनस्पतीवरून पडले, तिचे भावंड म्हणजे परसात आपोआप उगवणारी आंबुशी, जिची आंबट पाने आम्ही लहानपणी चघळायचो. तिचे शास्त्रीय नाव ‘ऑक्झॅलिस’ने सुरू होते. जर्मनी-इंग्लंडहून आल्यासारखा वाटणारा शब्द तुळशीवृंदावनाच्या मागे उगवलेला सापडला, तेव्हा काकी कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या होत्या.

मिठाचे मात्र कोणाला आवडले नाही. मीठ वाढले की लघवीतून जाणारे कॅल्शियम वाढते आणि खड्याला निमित्त मिळते. पावसाळ्याचे चार महिने सुक्या बांगड्यावर आणि सुकटीवर काढणाऱ्या घरांत हे सांगणे सोपे नाही, आणि मी ते एकदाच सांगून थांबले.

पाण्याविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात; आमच्या दमट हवेत, जिथे बसल्या जागी घाम निथळतो, तिथे त्यासाठी प्यायचे पाणी आणखी जास्त लागते. ‘फोर्स्ड फ्लुइड्स’, ‘प्लेन्टी ऑफ वॉटर’ असे कागदावर लिहून मिळते. ते वाचून दाखवले की बायका मान डोलावतात आणि पीत नाहीत. का पीत नाहीत हे मला वाचून दाखवायची गरज नव्हती, कारण मीही शाळेत साडेदहा ते साडेपाच जवळजवळ कोरडी राहत असे. मासळीच्या लिलावाला दुपारपासून वाळूत उभे राहणाऱ्या, टोपली घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, एस.टी.ने तालुक्याला जाणाऱ्या बाईला सर्वांत मोठी चिंता वाटेत लघवीला कुठे जायचे ही असते, आणि तिच्यावरचा तिचा उपाय म्हणजे पाणी न पिणे. हे ती डॉक्टरांना सांगत नाही. ‘मूत’ हा शब्द तर ती पुरुषासमोर उच्चारूच शकत नाही, ‘लघवी’ म्हणतानाही तिचा आवाज खाली येतो. इथे मला इंग्रजीचा एक उपयोग दिसला, जो मी वर्गात कधी शिकवला नव्हता. ‘लघवीच्या जागी आग होते’ हे वाक्य ज्या बाईच्या तोंडून तीन महिने निघाले नाही, तिने ‘युरिनला बर्निंग होतं’ हे एका दमात सांगितले. परका शब्द पदरासारखा पुढे ओढून तिने आपली व्यथा बाहेर आणली. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारखीला हे मान्य करणे सुरुवातीला जड गेले, पण त्या बाईच्या लघवीतला जंतुसंसर्ग वेळेवर कळला तो त्या एका शब्दाने, आणि त्यापुढे माझा आग्रह टिकला नाही.

तेव्हापासून मी एक वही केली. डावीकडे देवनागरीत इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ, आणि मधे, ही कल्पना बायकांचीच, तो शब्द शरीरात कसा जाणवतो ते. गोळ्यांच्या चिठ्ठीवरच्या खुणा पहिल्या पानावर आल्या. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे निजताना. ही सारी लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. ‘एसओएस’पाशी माझ्या वहिनीचा जीव खालीवर झाला होता. तिचा मुलगा, माझा भाचा, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो, आणि बुडणाऱ्या जहाजाने पाठवायची हाक म्हणून ती तीन अक्षरे तिला पुरती ठाऊक होती. आपल्या गोळीपुढे ती पाहून तिला वाटले, आपले काही शेवटचे चालले आहे. चिठ्ठीवरचा ‘एसओएस’ त्याहून वेगळा, लॅटिन शब्दांचा आहे आणि त्याचा अर्थ ‘गरज पडली तरच’ इतकाच, हे सांगितल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

वहीची सर्वांत भरलेली पाने दुखण्याच्या शब्दांची आहेत. डॉक्टर विचारतात, ‘पेन कसा आहे? शार्प की डल?’ या दोन खणांत आमच्या बायकांचे दुखणे मावत नाही. उसण भरते, चमक निघते, ठणका लागतो, ठसठसते, सणक जाते, हुळहुळते, चुणचुणते, आणि कळ येते. ‘थ्रॉबिंग’समोर आम्ही ठणका लिहिला, ‘स्टॅबिंग’समोर सुरी खुपसल्यासारखी कळ, ‘डल पेन’समोर अंगात मुरलेले दुखणे. ‘रेडिएटिंग’ला शब्दकोशात काहीतरी किरणांचे दिले होते, काकी म्हणाल्या, कळ उतरते असे लिहा, कारण कुशीतून उठून जांघेत उतरते ती कळ कुठून कुठे गेली हे बाईला बरोबर कळते. ‘फ्लँक’ला त्यांनी कूस हाच शब्द दिला. बरगड्यांखालची, पाठ आणि पोट यांच्या मधली ती जागा. आईच्या पोटालाही आपण कूसच म्हणतो. खड्याच्या आणि बाळंतपणाच्या दुखण्यालाही आमच्याकडे शब्द एकच, कळा. दोन्ही भोगलेल्या तिघीजणी त्या दिवशी ओटीवर होत्या आणि कुठल्या अधिक वाईट यावर त्यांचे एकमत झाले नाही.

गेल्या वर्षी भाचा सुट्टी संपवून निघाला तेव्हा त्याने वहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून नेले. इंजिनरूममध्ये पारा चाळीशीच्या वर असतो, पाणी कितीही प्यायले तरी घामावाटे जाते, आणि त्याच्या दोन सोबत्यांना आधी खडे झालेले होते. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या जहाजावरच डॉक्टर असावा लागतो. भाच्याच्या जहाजावर माणसे बावीस. अशा जहाजावर औषधांची पेटी डेकवरच्या एका अधिकाऱ्याकडे असते. तो पुस्तकातून प्रश्न विचारतो आणि उत्तरे किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना कळवतो. रोममध्ये तर १९३५ पासून एक केंद्र केवळ याच कामासाठी चालते, आणि कोणत्याही देशाच्या जहाजाला तिथून सल्ला मिळतो. पण समुद्रावरून तिथवर पोचतात ते शब्दच. डॉक्टरांचा हात पोटापर्यंत पोचू शकत नाही.

भाच्याला कळ आली ती आखातात. अधिकारी फिलिपिन्सचा होता. त्याने विचारले, ‘इज द पेन कॉन्स्टन्ट, ऑर डझ इट कम इन वेव्हज?’ भाच्याने पुढे मला सांगितले, ‘आत्या, मला वाटलं तो समुद्राबद्दल विचारतोय. मी म्हटलं, नो वेव्हज, सी इज काम.’ अधिकाऱ्याने लिहून घेतले की दुखणे सतत आहे, लाटांसारखे येत नाही. हा शब्द माझ्या वहीत नव्हता. हर्णैच्या किनाऱ्यावर आयुष्य काढून, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असून मला तो सुचला नव्हता, याची खंत अजून आहे. आम्ही कळा हे अनेकवचन लिहून थांबलो होतो. त्या अनेकवचनातच चढणे-ओसरणे आहे, हे आपल्याला सांगावे लागत नाही म्हणून दुसऱ्यालाही सांगावे लागत नसेल असे मी धरून चालले. सुदैवाने पुढचे त्याला फोटोंवरून सांगता आले. लेफ्ट फ्लँक, रेडिएटिंग टू द ग्रॉइन, नॉशिया, म्हणजे डाव्या कुशीतून जांघेत उतरणारी कळ आणि मळमळ. दुसऱ्या रात्री त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, ‘आत्या, कणकण आहे. कणकणीला काय म्हणू?’

या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द मला आजही सापडलेला नाही. ताप आहे म्हणावे तर नाही, नाही म्हणावे तर अंग मोडून येते. पण खडा अडकलेला असताना आलेली कणकण आणि थंडी साधी नसते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते काही तासांत रक्तात उतरू शकतात. मी लिहिले, ‘शब्द शोधू नको. थर्मामीटर लाव, आकडा सांग, आणि हुडहुडी भरली तर चिल्स म्हण.’ त्याने आकडा अधिकाऱ्याला सांगितला आणि आईलाही कळवला, ३८.४. वहिनी मला येऊन म्हणाली, ‘अडतीसच आहे, म्हणजे फारसा नाही.’ आमच्याकडे ताप शंभरपासून मोजतात आणि जहाजावरचे थर्मामीटर सेल्सिअसचे. ३८ म्हणजे १०० च्या वर, आणि ३८.४ म्हणजे १०१ ओलांडलेला, हे मी तिला सांगितले तेव्हा ती पायरीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

जहाज दुसऱ्या दिवशी बंदराला लागले. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी मूत्रवाहिनीत ‘डीजे स्टेंट’ घातला. दोन्ही टोकांना इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली ही बारीक नळी तुंबलेली लघवी वाहती करते. ताप उतरला, खडा नंतर लेझरने फोडला. महिन्याभरात भाचा घरी आला, बरा दिसत होता, आणि येताना चार पानांची डिस्चार्ज समरी घेऊन आला. ती मी सावकाश वाचली. पहिल्या तीन पानांवर काय केले ते होते. चौथ्या पानावर, औषधांच्या खाली, एका ओळीत लिहिले होते की स्टेंट आत आहे आणि तो अमुक तारखेपर्यंत काढायचा आहे. दुखणे थांबले की आत नळी आहे हे माणूस विसरतो, महिनोन् महिने विसरतो, आणि मग त्या नळीवरच नवे खडे धरतात. ही ओळ त्याने वाचली होती, पण ‘टू बी रिमूव्ह्ड’ म्हणजे काढली असे त्याने समजून घेतले होते. मी अठ्ठावीस वर्षे शिकवलेला कर्मणी प्रयोग तो हाच.

मी ती तारीख वहिनीला सांगितली. तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तिच्याभोवती गोल काढला आणि त्या महिन्यातल्या गॅसच्या सिलिंडरच्या नोंदीखाली, शिसपेन्सिलीने, लिहिले: नळी काढणे.